अकरा गाण्यांचा निकाल

आमच्या मंडळाला नाव नाही. नाव ठेवायचं ठरलं होतं, पण एकाने सुचवलेलं दुसऱ्याला पसंत पडेना, तेव्हा ते राहून गेलं. इंदिरानगरला एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्याच्या वरच्या खोलीत आम्ही तिघं रविवारी सकाळी जमतो आणि प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकतो. तिघं म्हणजे स्वतः डॉक्टर, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि मी. मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. माझ्यापुढे दिवसभर सुटे भाग येतात, मी ते गेजला, म्हणजे ठरलेल्या मापाला, लावतो आणि पास की रिजेक्ट एवढंच सांगतो. तीस वर्षं हे केल्यावर माणूस भाजी घेतानाही तेच करतो.

ज्यांना हे संगीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, लांबलचक रचना, मध्येच बदलणारी लय आणि एका गाण्याच्या पोटात आणखी चार गाणी. माझ्या बायकोच्या मते त्याचं मुख्य लक्षण म्हणजे ते संपत नाही. हेही काही अगदी चूक नाही.

आपल्याकडच्या हौशी बँडांनी अशा प्रकारचं जे काही करून ठेवलंय, त्याची आम्ही एक यादी करतो. जुन्या कॅसेट शोधायच्या, कॉम्प्युटरवर उतरवायच्या, ऐकायच्या आणि यादीत बसतात का ते ठरवायचं. बसल्या तर आमच्या वेबसाइटवर टाकायच्या. ऐकताना कुणी बोलायचं नाही. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहायचं, खाली कारण लिहायचं आणि मग चहा. यादीतल्या बँडमधल्या कुणी पुढे एकट्याने काही केलं असेल, तर ते आपोआप यादीत येत नाही, त्याची वेगळी तपासणी होते. आणि एकदा नाकारलेलं पुन्हा घ्यायचं नाही. हे शेवटचे दोन्ही नियम माझे आहेत. ते केले तेव्हा मला त्यांचा अभिमान होता.

यादीतली पहिली नोंद आमच्याच बँडची आहे. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी नाशकात एक बँड काढला होता. एक जण गिटारवर, एक ड्रमवर, कीबोर्डवर मी आणि गायला ती. ती येवल्याची. येवला म्हटलं की लोकांना पैठणी आठवते, त्यामुळे आमच्या रचनेत मागाची खटखट ऐकू येते असंही एका जाणकाराने आम्हाला सांगितलं होतं. तिच्या घरी कांद्याची शेती होती. माग तिने शाळेच्या सहलीत पाहिला होता.

आम्ही एकच कॅसेट काढली, तीही पंचवटीत, एरवी आरत्या आणि भजनं रेकॉर्ड करणाऱ्या एका स्टुडिओत. तिच्या पहिल्या बाजूवर वीस-बावीस मिनिटांची एकच रचना आहे. वेबसाइटवरची त्या रचनेची माहिती मी लिहिली. त्यात एक वाक्य असं होतं की, कीबोर्डवादकाने रचलेल्या दुव्यांमुळे ही वेगवेगळी गाणी न राहता एकसंध रचना होते. दुवे हा शब्दही मीच निवडला. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना मी जे लांब सूर धरून ठेवले होते, ते म्हणजे दुवे. डॉक्टर थट्टेने मला दुवेवाले म्हणायचे. मी तोंडदेखलं नको नको म्हणायचो, पण मला ते आवडायचं.

कॉलेज संपल्यावर बँड फुटला. ती पुढे बीएड करून दिंडोरीला एका शाळेत गणित शिकवायला लागली. तिथे घरी बसून तिने एक कॅसेट भरली होती हे मला उडत उडत कळलं होतं. मी ती कधी मागितली नव्हती. मग यंदा तिचा मोबाईलवर निरोप आला. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. तिने लिहिलं होतं, माझ्या दोन बाजू आहेत, तुमच्या यादीत बसतात का बघ. खाली आणखी एक ओळ होती. "निवृत्त व्हायच्या आधी एकदा कळू दे, मी काय करत होते ते."

तिच्या अवतीभवती हे सांगणारं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. गणपतीत तिला भजन म्हणायला बोलवायचे आणि शाळेत स्वागतगीत बसवायला सांगायचे. ती तेही करायची. घरात गिटार घेऊन ती जे करत होती त्याला काय म्हणायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

मला काय वाटत होतं तेही इथेच सांगून टाकतो. तिची कॅसेट यादीत बसू नये असं मला वाटत होतं. कारण हिशेब सरळ होता. तिने माझ्याशिवाय, एकटीने केलेलं काम जर प्रोग्रेसिव्ह ठरलं, तर बँडमध्ये ते कुणाकडून येत होतं हा प्रश्न निघाला असता. आणि एकटीने केलेली नुसती साधी गाणी निघाली, तर उत्तर माझ्या बाजूने होतं. खरं म्हणजे या निकालात मी बसायलाच नको होतं. पण मला कुणी ऊठ म्हटलं नाही आणि मीही आपणहून उठलो नाही.

कॅसेट एका ओळखीच्या माणसाबरोबर आली. तिची ही एकच प्रत होती. आतल्या कागदावर गाण्यांची नावं नव्हती, नुसतं पहिली बाजू, दुसरी बाजू असं लिहिलेलं होतं. तिला नावं लिहायचा कंटाळा आला असणार, असं मी मनात म्हटलं. मग नेहमीप्रमाणे कॅसेट डेक कॉम्प्युटरला जोडला. मी वापरतो त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. दोन सेकंदांहून जास्त शांतता आली की गाणं संपलं असं धरून तो तिथे कापतो आणि पुढच्याची वेगळी फाइल करतो. शंभरेक कॅसेट मी अशाच उतरवल्यात. दुसरी सोय कॅसेटची खरखर काढायची. तिच्या गाण्यांच्या मधल्या शांततेत खरखरीबरोबर बारीक ठकठक होती. डेकचा पट्टा सैल झाला असेल असं मला वाटलं. तीही काढून टाकली. एकूण अकरा फाइली झाल्या. मी त्यांना गाणे एक, गाणे दोन अशी नावं दिली आणि प्रत्येक दोन गाण्यांच्या मध्ये सारखं अंतर ठेवलं. काम स्वच्छ झालं होतं.

रविवारी आम्ही ती अकरा गाणी ऐकली. आवाज तोच होता, थोडा खाली आलेला. गिटार साधी. कुठलं गाणं पाच मिनिटांचं, कुठलं दोन मिनिटांचं. लय कुठे बदलत नव्हती. मी दर गाण्याला चार मात्रा मोजून पाहिल्या आणि त्या चारच भरल्या. विमावाल्या बाई डोळे मिटून ऐकत होत्या. डॉक्टर चौथ्या गाण्यानंतर खिडकीबाहेर बघायला लागले.

चिठ्ठ्या उघडल्या. डॉक्टरांनी नाही लिहून खाली लिहिलं होतं, गाणी चांगली आहेत, पण गाणीच आहेत. बाईंनी नाही लिहून पुढे लिहिलं होतं, दर वेळी गाणं अर्ध्यात सोडल्यासारखं का वाटतं ते कळलं नाही. माझी चिठ्ठी सगळ्यात मोठी होती. मी रचना, लय, लांबी असे वेगवेगळे मुद्दे काढून प्रत्येकाखाली शेरा दिला होता. कारखान्यात एखादा भाग एका मापात चुकला तरी रिजेक्ट होतो, हा तर सगळ्याच मापांत चुकला होता. बाईंच्या शेऱ्यावर आम्ही काही बोललो नाही. चहा आला.

निकाल मोबाईलवर कळवणं मला बरं दिसेना. शिवाय तिची एकुलती एक कॅसेट परत करायची होती. म्हणून पुढच्या शनिवारी मी स्कूटरवर दिंडोरीला गेलो. ऑक्टोबरची छाटणी होऊन द्राक्षबागा बोडक्या दिसत होत्या. तिचं घर गावाच्या टोकाला, मागे लगेच बाग. दाराशी घुटमळत होतो तर शेजारच्या बाईंनी अंगणातूनच सांगितलं, "बाई हायेत ना घरात, जावा की. आत्ताच शाळेतून आल्यात." शनिवारची सकाळची शाळा होती.

तीस वर्षांत आम्ही दोन-तीन लग्नांत भेटलो असू तेवढंच. तिने चहा टाकला, मी बायको-मुलांची खुशाली सांगितली आणि मग निकाल सांगितला. यादीत घेतलं नाही असं म्हणालो आणि लगेच कारणं सांगायला लागलो. गाणी उत्तम आहेत, आवाज अजून तसाच आहे, फक्त आमची यादी जरा वेगळ्या प्रकारची आहे. गोड बोलून नाही म्हणायचं मला चांगलं जमतं, माल देणाऱ्यांशी रोज तेच करावं लागतं. ती ऐकून घेत होती. वर्गात गणित चुकीचं सोडवणाऱ्या मुलाकडे बघावं तसं तिचं बघणं होतं. माझं संपल्यावर तिने विचारलं, "किती गाणी ऐकलीत?"

"अकरा."

"अकरा कुठून आली?" ती म्हणाली.

मी तिला प्रोग्रॅमचं समजावून सांगितलं. शांतता आली की तो कापतो, हे सांगताना माझ्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. ती उठली. कपाटावर एक जुना टेप होता, त्यात तिने कॅसेट घातली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

पहिला भाग मला पाठ झाला होता. तो संपला आणि शांतता आली. टेपमध्ये खरखर होती आणि त्या खरखरीत ठक, ठक, ठक असा आवाज होता. मी तिच्या पायाकडे बघितलं. समोर बसलेल्या तिचा पायही जमिनीवर तसाच पडत होता, टेपमधल्या पायाच्या बरोबर. सात ठोके झाले आणि गाणं पुढे सुरू झालं. पुढे सुरू झालं म्हणजे, मागच्या भागात अधांतरी राहिलेला सूर तिने तिथूनच उचलला. मी जे दुसरं गाणं म्हणून ऐकलं होतं ते पहिल्याचंच उरलेलं वाक्य होतं.

दुसऱ्या शांततेत नऊ ठोके होते. तिसऱ्यात अकरा. प्रत्येक खेपेला गाण्याचा भाग आखूड होत होता आणि मधली जागा वाढत होती. चौथ्या खेपेला तेरा. तेव्हा बाहेर बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, त्याचा आवाज खोलीत आला आणि गाणं सुरू झाल्यावर मागे पडला. शेवटच्या शांततेत पंधरा ठोके होते. पंधरा ठोके म्हणजे फार लांब वेळ असतो. आठव्या-नवव्यानंतर आता पुढे काही येणार नाही असं वाटायला लागतं. तिथे मला भीती वाटली, असंच म्हणावं लागेल. मग ती गायली आणि बाजू संपली.

तिने कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला ठोके तेरा, अकरा, नऊ, सात असे उतरत गेले. दोन बाजू मिळून एकच रचना होती. लय कुठे बदलत होती ते मी गाण्यांत शोधत बसलो होतो, आणि ती गाण्यांच्या मध्ये होती. नेमका तोच भाग मी साफ करून फेकून दिला होता.

कॅसेट थांबल्यावरही ती थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि बोटं सूर दाबून धरल्यासारखी रोवलेली होती. बहुतेक दर शांततेत ती तशीच रोवली जात असणार.

"तिथे तू तेव्हाही वाजवायचास," ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. कप उचलून आत गेली.

पंचवटीचा स्टुडिओ मला आठवत नव्हता असं नाही. मला तो वेगळा आठवत होता. आमच्या रचनेत दोन भागांच्या मध्ये सगळ्यांनी थांबून सात मोजायचे, असं तिने तालमीत बसवलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही तिथे थांबलो तर स्टुडिओवाल्याने काचेमागून डोकं काढून विचारलं, काय झालं, विसरलात का. आम्ही हसलो. पुन्हा घेतलं, त्याने पुन्हा हात वर केला. टेप मोकळी जाते म्हणाला. तेव्हा मी म्हटलं, मी एक सूर धरून ठेवतो, म्हणजे प्रश्न मिटला. तिने दोनदा सांगितलं की रिकामं राहू दे. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. इतकी वर्षं मला ही गोष्ट, मी ऐन वेळी मदतीला धावलो, अशी आठवत होती. दुवे म्हणजे तेच. माझी म्हणून जी काही कामगिरी होती ती तिच्या थांबण्यावर घातलेलं झाकण होतं.

मला लाज वाटली. ती बाहेर आल्यावर मी तिला तसं सांगितलं आणि कॅसेट पुन्हा मागितली. तिने ती लगेच दिली नाही. बोटाने आतली फीत घट्ट करत उभी राहिली.

"कापू नकोस आता," म्हणाली आणि मी आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच घालून दिली.

येताना एक गोष्ट डोक्यात घोळत होती. चूक दुरुस्त करायची तर ती उघड सांगावी लागणार होती. एकदा नाकारलेलं पुन्हा घ्यायचं नाही हा नियम मीच केला होता, आणि त्यातून सुटायची एकच वाट होती, तपासणारा चुकला असं तपासणाऱ्याने कबूल करण्याची. कारखान्यात असं झालं तर एक फॉर्म भरून सही करतात. भागाला दोष नाही, गेज चुकीचं लावलं. मी आजवर दुसऱ्यांचे असे फॉर्म पुष्कळ बघितले होते.

रविवारी मी मंडळात सगळं सांगितलं. कापल्याचं सांगितलं, ठकठक पुसल्याचं सांगितलं, आणि ती यादीत येऊ नये असं मला आधीपासून वाटत होतं तेही सांगितलं. डॉक्टर चष्मा पुसत बसले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त संकोच झाला होता. बाई म्हणाल्या, "मला अर्ध्यात सोडल्यासारखं वाटत होतं ते लिहिलं होतं मी. तुम्ही कुणी विचारलं नाहीत." हे खरंच होतं. आम्ही तेव्हा चहा घेत होतो.

या खेपेला मी कॅसेट जशी होती तशी उतरवून आणली होती, खरखरीसकट. आम्ही ऐकायला बसलो. पंधरा ठोक्यांच्या शांततेत डॉक्टरांना स्पीकर बंद पडला असं वाटलं. ते अर्धवट उठले, तेवढ्यात त्यांना पाय ऐकू आला असावा, कारण तसेच वाकलेले थांबले आणि गाणं सुरू झाल्यावर सावकाश खाली बसले. बाई डोळे मिटून बोटांवर मोजत होत्या.

दोन्ही चिठ्ठ्यांवर हो होतं. डॉक्टरांनी कारणाच्या जागी काहीच लिहिलं नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं, आता पूर्ण वाटलं. मी चिठ्ठी टाकली नाही. पहिल्या खेपेलाच टाकायला नको होती.

मी तिला निरोप पाठवला की दोन बाजू मिळून एक रचना, प्रोग्रेसिव्ह रॉक, यादीत घेतली. दुपारी तिचं उत्तर आलं. "म्हणजे तेच होतं ना." पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. थोड्या वेळाने आणखी एक निरोप आला, की सोमवारी दहावीची चाचणी आहे, तेव्हा सविस्तर नंतर बोलू.

मग आमच्या बँडची जुनी नोंद सुधारायला बसलो. दुव्यांचं वाक्य काढलं. त्या जागी काय लिहायचं ते ठरवायला आमचीच कॅसेट बऱ्याच वर्षांनी हेडफोन लावून ऐकली. ही मी साफ केलेली नव्हती, कारण आपलं ते सगळं बरोबर असतं. पहिला भाग संपला आणि माझा सूर सुरू झाला, लांब, भरगच्च, वेबसाइटवर कौतुक झालेला. मी आवाज वाढवला. त्या सुराच्या खाली, अगदी खाली, स्टुडिओच्या फरशीवर पाय पडत होता. मी झाकण घातल्यावरही तिने मोजणं सोडलं नव्हतं. सातव्या ठोक्यानंतर ती बरोबर गायला लागते. मी तेव्हाही वाजवतच असतो.